एकशे सत्तावीस फडकी आणि मी

१ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पुढेमागे माझं चरित्र लिहायची वेळ कुणावर आली, तर तेवढा अपवाद.
प्रोबेशनचा शेवटचा महिना सुरू झाला. तीस तारखेला समितीची बैठक, त्यात मला कायम करणार. करणारच. मग ग्रंथालयामागचं क्वार्टर मिळेल. दोन खोल्या आणि स्वतःचं दार. गेलं वर्षभर आम्ही दोघं मेहुण्यांकडे जिन्याखालच्या खोलीत राहतोय. मेहुणे रोज जेवताना विचारतात, झालात का कायम? मी मीठ मागून घेतो.
संकल्प : रोज जुन्या लिपीची दहा अक्षरं शिकणे. इंटरव्ह्यूत ग्रंथालयाच्या बाईंनी विचारलं होतं, जुनी लिपी येते का. मी म्हटलं, बऱ्यापैकी. एकूण अक्षरं पन्नास. म्हणजे पाच दिवसांचं काम. एवढ्यासाठी अगोदर कशाला सांगायचं, येत नाही म्हणून?

२ मार्च
अक्षरं उद्यापासून. चष्मा घरी राहिला.

३ मार्च
चष्मा आणला. वही घरी राहिली.

४ मार्च
बाई तीन आठवड्यांच्या रजेवर गेल्या. लेकीचं बाळंतपण. बाई म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपाल, तीस वर्षं त्याच खुर्चीत. आवाज कधीच चढवत नाहीत, त्यामुळे भीती जास्त वाटते. जाताना सांगून गेल्या, धूळ झटका, खिडक्या वेळेवर लावा, बाकी कशाला हात लावू नका. माझ्यावर केवढा हा विश्वास! प्रार्थनागृहाला लागून असलेलं तीन शतकांचं धर्मग्रंथालय माझ्या एकट्याच्या हवाली. तळघरात बाइंडरकाका असतात म्हणा, पण ते खाली मान घालून पुस्तकं शिवतात. कानांनीही अधू आहेत.
धूळ झटकण्यासाठी का मी जन्मलोय? बाई परत येतील तेव्हा थक्क झाल्या पाहिजेत.

६ मार्च
हस्तलिखितांचं मोठं कपाट उघडलं. शी! एकशे सत्तावीस हस्तलिखितं, प्रत्येक एकेका कापडात गुंडाळलेलं. इथे त्याला बासन म्हणतात. मी फडकंच म्हणेन. पिवळी पडलेली, कळकट, वर प्रत्येकाच्या कोपऱ्यात शाईचा बरबटलेला डाग. पवित्र ग्रंथ आणि ही अवस्था! तीस वर्षांत बाईंच्या हे लक्षात येऊ नये?
निर्णय झाला. सगळी फडकी धुऊन घ्यायची. ग्रंथांना बोट लावायचं नाही, फक्त कापडं. बाईंचा शब्दही मोडला जात नाही.

८ मार्च
लाँड्रीवाला गाठोडी घेऊन गेला. माणूस चौकस आहे. विचारत होता, सगळे डाग एकाच कोपऱ्यात कसे? मी सांगितलं, जुने लोक शाईचा हात फडक्याला पुसायचे. तो म्हणाला, मोठे टापटिपीचे लोक दिसतात, तीनशे वर्षं सगळ्यांनी एकाच कोपऱ्याला हात पुसला. मला वाद घालायला वेळ नव्हता. डाग मुळापासून काढ, एवढं बजावलं.
फडक्यांविना ग्रंथ कपाटात वेडेवाकडे दिसत होते. लहानाशेजारी मोठा, जाड्याशेजारी बारका. उंचीप्रमाणे लावून टाकले. आता नजर कशी सरळ रेषेत जाते. या लोकांना सिस्टिम म्हणून माहीत नाही.

११ मार्च
फडकी आली. पांढरीशुभ्र! एकाही कोपऱ्यात डागाचं नाव नाही. दिवसभर गुंडाळत बसलो, प्रत्येकाला सारखी गाठ. कपाट बघून मलाच भरून आलं. घरी हिला सांगितलं, क्वार्टरला पडदे कुठले लावायचे ते ठरवून ठेव. ही म्हणाली, आधी ऑर्डर हातात येऊ दे. बायकांना दूरदृष्टी नसते.

१२ मार्च, दुपार
एक संशोधक आल्या. त्रेचाळीस नंबरचं हस्तलिखित मागितलं. रजिस्टरमध्ये त्रेचाळीस आहे, नाव आहे, पानं आहेत. कपाटातल्या त्रेचाळिसाव्यावर नंबर सापडेना. कशावरच सापडेना. तळघरात जाऊन काकांना मोठ्याने विचारलं, ग्रंथाचा नंबर कुठे लिहिलेला असतो?
काका म्हणाले, बासनाच्या कोपऱ्यात. शाईने. जुन्या आकड्यांत.
मी तिथेच पायरीवर बसलो. काकांनी विचारलं, चक्कर आली का. मी म्हटलं, हो. संशोधकबाईंना सांगितलं, त्रेचाळीस नंबर सध्या देखभालीसाठी बंद आहे.

१३ मार्च
लाँड्रीवाल्याकडे गेलो. डाग परत आणता येतात का, विचारलं. त्याला राग आला. म्हणाला, आमच्याकडून गेलेला डाग आजवर परत आलेला नाही.

१४ मार्च
घाबरण्यासारखं काही नाही. रजिस्टरमध्ये प्रत्येक ग्रंथाचं नाव आहे. ग्रंथाच्या पहिल्या पानावरही नाव असणार. फक्त वाचायचं आणि नंबर घालायचा. आजपासून रोज पंचवीस अक्षरं. दोन दिवसांत लिपी संपली, की उरलेले दिवस निवांत.

१७ मार्च
तीन अक्षरं आली. त्यातली दोन एकच निघाली.

१९ मार्च
आज सातवा ग्रंथ उघडला. संपूर्ण पानभर एकच अक्षर. पुढच्या पानावर तेच. पुढेही तेच. अडतीस पानं! समासात कुठे कुठे तांबड्या शाईत बारीक काहीतरी. हा साधा ग्रंथ नव्हे. एकाच अक्षराचं अखंड ध्यान करणारा कुणीतरी महापुरुष असावा, आणि समासात त्याची गुप्त टिप्पणी. तीनशे वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते माझ्या.
हिला सांगितलं. हिने विचारलं, तुम्ही वाचलंत का ते? मी म्हटलं, ते वाचण्याच्या पलीकडचं आहे.

२० मार्च
समितीच्या अध्यक्षांना फोन केला. ते नव्वदीचे, जुन्या लिपीचे मोठे जाणकार. म्हणाले, बैठकीत सादर करा. त्यांच्या सांगण्यावरून ग्रंथ सभागृहातल्या त्यांच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावून किल्ली त्यांच्या घरी पोचवली. आता नंबरांचं काय एवढं? शोध लावणाऱ्याला कुणी नंबर विचारत नाही. अक्षरं शिकणं तूर्त थांबवलं, भाषणाची तयारी करायची आहे.

२५ मार्च
बाई आल्या. नातू झाला म्हणून सगळ्यांना गोड दिलं. मग कपाट उघडलं.
एक फडकं हातात घेतलं, कोपरा बोटांनी चाचपला. दुसरं घेतलं. तिसरं. मग स्टुलावर बसल्या. मी म्हटलं, साबण सौम्यच वापरला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.
काकांना वर बोलावलं.

२८ मार्च
तीन दिवस दोघं एकेक ग्रंथ सोडतायत. बाई दोन ओळी वाचतात आणि नंबर सांगतात. अक्षर पुसट असेल तिथे काका ग्रंथाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणतात, ही शिवण माझी, पुरात भिजला होता तो. मी शिडी धरतो आणि बाई सांगतील तो आकडा चिठ्ठीवर लिहितो. आपल्या साध्या आकड्यांत.
एकशे सव्वीस झाले. बाईंनी विचारलं, शेवटचा कुठे? मी सांगितलं, अध्यक्षांच्या कपाटात, बैठकीत उलगडा होईल. बाईंनी रजिस्टरमध्ये कोणता नंबर उरला ते पाहिलं, म्हणाल्या, ते होय? आणि चार दिवसांत पहिल्यांदाच किंचित हसल्या. त्यांनाही त्याचं महत्त्व पटलेलं दिसतं.

३० मार्च, संध्याकाळ
बैठक झाली.
मी सतरा मिनिटं बोललो. अखंड ध्यान, गुप्त परंपरा, सगळं सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा लावला, तांबड्या शाईची पहिली ओळ मोठ्याने वाचली. पुन्हा लिही. पुढच्या पानावर, पुन्हा लिही. नवव्या पानावर, अक्षराला पाय किती, मोज. विसाव्यावर, तुझ्या वडिलांना भेटायला सांग.
बाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं. एकशे एकोणीस नंबर, नव्या लेखनिकाची सरावाची वही.
समितीतले लोक टेबलावर हात मारून हसले. अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली आणि ते अक्षर कोणतं, एवढंच विचारलं. मला वेळ मारून नेता आली असती. चष्मा घरी राहिलाय, हे तोंडाशी आलंही होतं. पण समोर बाइंडरकाका, मला पुन्हा चक्कर येईल म्हणून, पाण्याचा ग्लास धरून उभे होते आणि मला एकदम स्वतःची लाज वाटली. म्हटलं, मला जुनी लिपी येत नाही. एकही अक्षर येत नाही. फडक्यांवरचे नंबर मला डाग वाटले.
कुणी हसलं नाही.
बाई म्हणाल्या, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी विचारलं, मग ठेवलंत कशाला? त्या म्हणाल्या, वर्षभरात एकदाही खिडकी उघडी राहिली नाही. वाचणारे पुष्कळ येतात, खिडक्या लावणारं कुणी टिकत नाही.
निर्णय : प्रोबेशन सहा महिने वाढवलं. रोज दहा ते अकरा बाई शिकवणार. तेवढ्यात लिपी आली नाही, तर घरी बसा. क्वार्टर नाही.

३१ मार्च
जेवताना मेहुण्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, अजून सहा महिने. वाटलं होतं, काहीतरी लागट बोलतील. त्यांनी न विचारता माझ्या पानात आणखी भात वाढला आणि हवापाण्याचं बोलू लागले. ते जास्त लागलं. हिने पडद्यांचा विषय काढला नाही.
असो. सकाळचा पहिला धडा उत्तम झाला. बाईंनी स्वतः एका कागदावर पाच अक्षरांचा कित्ता घालून दिला, घरी गिरवायला. जेवणानंतर लगेच बसलो. काही म्हणा, मला यात गती आहे. वळणं आपोआप जमत होती. दोन पानं भरून काढली, सुबक, एका रेषेत. लोकांना वर्षं लागतात, मला महिनाही लागायचा नाही. सहा महिन्यांची मुदत म्हणजे बाईंनी उगाच जास्तच दिली.
ही चहाचा कप ठेवायला आली, कित्त्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं कौतुक करणार. तिने विचारलं, बाईंनी कोपऱ्यात घातलेली तारीख उलटी का दिसतेय?
कागद फिरवून घेतला. दोन्ही पानं पुन्हा लिहायला बसलो आहे.