बॅटरीचा दोष

जुन्नर,
७ ऑगस्ट २०२५

चि. अंकित,
जय जिनेंद्र आणि अनेक आशीर्वाद.

इकडे पाऊस आहे, वीज नाही; म्हणजे सगळं यथास्थित. तू बेंगळुरूला पोचल्याचं कळलं. बाबा गेल्यापासून आई सूर्यास्ताआधी दोन घास खाते, तेवढंच. तिच्या कानांपायी आपल्या घरात फोन स्पीकरवरच लावावा लागतो, म्हणून हे पत्र.

बाबांसाठी जनरेटर घ्यायचा की बॅटऱ्या, यावर आपण वैशाखभर भांडलो. धूर दिसला की अग्नी आहे, एवढंच माझं शास्त्र. म्हणून मी जनरेटरवाली: चालू आहे की बंद, ते धुरावरून कळतं. तू इंजिनिअर. तो धूर त्यांच्या फुप्फुसांना सोसणार नाही म्हणालास. बॅटऱ्या आल्या.

आता त्या तपासायला तू माणूस पाठवतोयस, आणि आईसाठी जनरेटर. जनरेटर नको. माणूसही नको.

बॅटऱ्या चांगल्या होत्या, अंकित.

त्या संध्याकाळी वीज गेली तेव्हा मी स्थानकात प्रतिक्रमणाला होते. परतले तर घरात अंधार. बॅटऱ्या जवळजवळ भरलेल्या, बटण बंद. बाहेरच्या खोलीत आई माळ जपत बसलेली. म्हणाली, "दिव्यावर लई पाखरं येऊन मरत व्हती गं. मालवला." जन्मभर पावसाळ्यात तिने हेच केलं. तो दिवा आणि बाबांचं ऑक्सिजनचं मशीन एकाच बटणावर आहेत, हे आपण दोघा शहाण्यांपैकी कुणी तिला सांगितलं नव्हतं. मशीन ओरडलं असणार. तिला ऐकू जाणार नव्हतं.

मी बटण दाबलं आणि बाबांकडे धावले. उशीर झाला होता.

"बॅटरीने दगा दिला," मी म्हणाले. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आता रोज विचारते, "बॅटरीच खराब व्हती ना गं?" मी शाळेत सत्यावरची सुभाषितं शिकवून येते आणि हो म्हणते.

पर्युषणात तू येशीलच. संवत्सरीला ती सगळ्या जिवांची क्षमा मागेल, पाखरांचीही. मग तुला विचारेल. तूही हो म्हण. निवड तुझी होती, दोष तुझ्याच नावावर राहू दे. तुझे खांदे तिच्यापेक्षा तरणे आहेत.

तुझी,
'मी तेव्हाच जनरेटर म्हणत होते' असं आईला ऐकू जाईल अशा आवाजात तुला जन्मभर सुनावणारी,
हर्षाताई