वाटेत बसलेला वाघ

प्रिय प्रफुलमामा,

मोहर्लीत सफारीची जिप्सी चालवून धुळीने तुझे केस पांढरे झाले असतील. म्हातारा दिसायला लागलास, असं मी आईला सांगणार आहे. आता माझी बातमी ऐक. कॉलेजात आम्हाला ‘श्रद्धा आणि गोष्ट’ यावर प्रकल्प सादर करायचा होता. बाकीच्यांनी देवळं, जत्रा घेतल्या. मी घेतला आपल्याकडचा समज: दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. मला कुतूहल एवढंच, की काका नाही, आत्या नाही, मामाच का चुकतो? गावभर विचारत फिरले. रुखमाबाई म्हणाल्या, "दिवसभर गोष्टी सांगत बसलं त धान कोन कापन?" लटारूआजोबांचं म्हणणं, बहिणीच्या ओढीने रानातून एकटा येणारा मामाच असतो. ते मला पटलं, आणि तू आठवलास.

आई म्हणाली, "मी असलं काई मानत नाई." तुला ती माहीत आहेच. सफारीआधी तू वाघोबाच्या दगडापुढे नारळ फोडतोस हे कळल्यावर, आपल्या लोकांनी छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतली तेव्हाच हे सोडलं म्हणत तिने तुला दारातून परत पाठवलं. तुझाही राग नाकावर. तेव्हापासून तू आला नाहीस, फोनही उचलत नाहीस. तुझं नाव निघालं की ती भांडी घासायला घेते, घासलेलीच.

सादरीकरण भर दुपारी होतं. नमुना म्हणून मी तू सांगायचास ती गोष्ट धरली, बहिणीच्या गावी निघालेल्या भावाची. वाटेत वाघ आडवा बसतो, इथवर छान रंगले आणि थांबले. मानत तर मीही नाही, मामा. पण त्याच वेळी तू रानात असशील, हे डोक्यातून जाईना. उरलेली दिवे लागल्यावर सांगते, म्हणाले. वर्ग हसला. मॅडमनी गुण कापले की वाढवले, अजून कळलं नाही.

घरी आले तर आईने प्रकल्प कसा झाला, गुण किती, काही विचारलं नाही. चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, "गोष्ट पुरी त नाई सांगतली ना दिवसा?" नाही म्हटल्यावर तिने जळतं लाकूड उगाच आत सारलं. मग म्हणाली, "त्याले लिही. नारळ फोडते त फोडू दे, पन घरी ये म्हना." म्हणून हे पत्र. गोंडपिपरीची वाट तुझ्या पायाखालची आहे. दिवे लागायच्या आत पोच. वाघ अजून वाटेतच बसलाय, त्याला तूच येऊन उठव.

तुझीच, अर्धी गोष्ट पोटात घेऊन बसलेली भाची,
संघप्रिया