यंदाची पऱ्हाटी

माय,

आज बोरी अरबकडं, आपल्या गावात गेलतो. कामानंच गेलतो, तुझ्याशी खोटं कायले बोलू. कापूस वेचून झाला की उभी राहिलेली वाळकी झाडं, आपली पऱ्हाटी, आमची कंपनी विकत घेते, तिचा भुगा करून कांड्या दाबते आणि त्या कारखान्यांच्या भट्टीत कोळशाऐवजी जळतात. कोळसा वाचतो, हवा कमी बिघडते. काम चांगलंच आहे. मी गावोगाव तसंच सांगत फिरतो.

बोंडं सडली ते वर्ष आठवतं तुला? वेचायला काही नव्हतं, पण वावरवाल्यांनी पऱ्हाटी नेहमीसारखी तुम्हा बायांना उपटू दिली. वावर मोकळं करून द्यायचं, पऱ्हाटी घरी न्यायची, तीच मजुरी. तू चिमट्यानं उपटायचीस, मी मोळ्या ओढायचो. घरात पीठ नसायचं, पण जळणासाठी चूल कधी अडली नाही. एकदा मी शेजारच्या काकूच्या ढिगातली मोळी उचलून आणली, तर तू ती परत ठेवायला लावलीस. "तिची चूल इझवून आपली पेटवतं काय रे?" एवढंच म्हणालीस आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस.

यंदा वावरवाले पऱ्हाटी आम्हालाच देतात. मीच पटवलं त्यांना. काकू दारात बसली होती, आता पार थकली आहे. म्हणाली, "बाबू, पऱ्हाटी तू नेऊन राह्यला, मंग मी सयपाक कायच्यावर करू?" मी शहाण्यासारखं विचारलं, "काकू, तुले सिलिंडर भेटलं ना?" तिनं आत बोट दाखवलं. सिलिंडरवर पाण्याची गुंडी ठेवलेली. "पहिलं सरलं," म्हणाली, "दुसरं कायनं आणू?"

तरी मला चहाशिवाय कशी जाऊ देईल? मागं न्हाणीला काड्यांचा आडोसा आहे, तो आधीच कमरेएवढा उरला होता. त्यातल्याच काड्या मोडून तिनं चहा मांडला. मी पाहत होतो, माय, आणि नको म्हटलं नाही. चहा पूर्ण प्यालो, वर चांगला झाला म्हटलं. तिथून निघालो तेव्हा मला माझीच लाज वाटली.

हे पत्र टाकायचं कुठं, तू जाऊन इतकी वर्षं झाली. नोकरी सोडतो, असं तुला लिहायला बसलो होतो, पण सोडणार नाही. उद्या उरलेल्या वावरांतली पऱ्हाटी आणायची आहे. मी जाईन. फक्त काकूच्या दारावरून नाही, मागच्या पांदणीच्या वाटेनं जाईन.