आजोबांच्या छातीतली आफिया

४ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या हाताखाली अरबी शिकून भाची इस्पितळात दुभाषी झाली खरी, पण नोकरी टिकते की नाही, देव जाणे!

सोमवारी एक अरब आजोबा आले. डॉक्टर त्यांना घरी सोडणारच होते. काय होतंय विचारलं, तर छातीवर हात ठेवून म्हणाले, इथे आफिया आहे. आफिया म्हणजे आरोग्य, खुशाली, असंच ना तुम्ही शिकवलंत? पण चेहरा घामाने डबडबलेला. माझ्या तोंडून ‘बरं वाटतंय’ निघेचना. डॉक्टरांना सरळ सांगितलं की, शब्द मला येतो, पण अर्थ जुळत नाहीये, पुन्हा विचारू द्या. आजोबांनी काडी ओढल्यासारखं केलं आणि बोटं भाजल्यागत झटकली. मामा, त्यांच्या मुलखात आफिया म्हणजे आग!

दुखणं हृदयाचंच निघालं. आजोबांवर उपचार चालू आहेत. पण आमच्या विभागप्रमुख बाई भडकल्या. दुभाष्याने शब्द पोचवावेत, चेहरे वाचू नयेत, म्हणे. पुढच्या शुक्रवारी जाब द्यायचाय.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
खारूताई

*

७ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

मी जन्मभर अरबी कागद भाषांतरित केले. कागदाला घाम येत नाही, आणि अडलं की कोश उघडता येतो. तुझ्या जागी मी असतो तर ‘खुशाल आहे’ म्हणून मोकळा झालो असतो, आणि आजोबा गेले असते जिवानिशी.

बाईंना हेच सांग. आवाज चढवू नकोस आणि डोळ्यांतून पाणीही काढू नकोस. नोकरी गेलीच तर इकडे ये, असं मामी म्हणते. तिला गप्पांना माणूस हवंय, तेव्हा तुझी नोकरी टिकावी म्हणून ती करतेय त्या प्रार्थनेवर विसंबू नकोस!

माया आहे तशीच आहे.

तुझा,
मामा

*

१९ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी राहिली! बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. अर्थ जुळला नाही तर दुभाष्याने थांबवून विचारावं, असं आता सगळ्यांनाच सांगितलंय.

आज आजोबा घरी गेले. निघताना त्यांना डॉक्टरांशी बोलायचं होतं. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आम्हा दुभाष्यांनीही ‘मी’च म्हणायचं, असा नियम. आणि ते बोलले माझ्याबद्दल! या मुलीला कळलं नाही तेव्हा तिने तसं कबूल केलं, म्हणून मी आज माझ्या पायांनी चाललोय. इथवर मी नेटाने सांगितलं. मग ते म्हणाले, हिला ज्याने शिकवलं त्याला माझा सलाम.

तिथे माझा आवाजच फुटेना. डॉक्टर थांबले, तिथे आलेल्या बाईही थांबल्या. पण तेवढं वाक्य सांगायचं राहूनच गेलं. ते इथे पोचतं करतेय, मामा.

तुमचीच,
खारूताई