निळ्या पिंपातलं पाणी

२ फेब्रुवारी
आपण बदलतोय, हे माशाला कळतं का? मुलाखतीत हरिहर सरांनी विचारलं आणि मला उत्तर आलं नाही. तरी नोकरी मिळाली! खाडीकाठची छोटीशी प्रयोगशाळा. तळ्यातली जिताडा माशाची पिल्लं समुद्राच्या पाण्यात जगवायची. एकदम टाकली तर मरतात. रोज थोडं थोडं मीठ वाढवलं, की त्यांचे कल्ले मीठ बाहेर फेकायला शिकतात. आईला सांगितलं तर म्हणाली, अगं बाय, एवढ्यासाठी पंधरा वर्षं शिकलीस? आणि चाळभर पेढे वाटून आली. आमच्या घरातली पहिली पदवी.

५ फेब्रुवारी
आमच्या दिवा गावात चार दिवस नळाला पाणी नाही. सर म्हणाले, प्रयोगशाळेच्या दारातल्या निळ्या पिंपातलं घेऊन जा, फिल्टरचं आहे. रोज दोन कॅन घरी नेते. आई दिवसभर तेच पिते, मी रात्री. सर रोज आठवणीनं विचारतात, आई कशा आहेत? असा साहेब मिळायला भाग्य लागतं.

१४ फेब्रुवारी
शेजारची प्राची कोरा चहा प्यायला आली आणि मोरीत थुंकली. काकू, साखरेऐवजी मीठ टाकलंत की काय, म्हणाली. आईनं आणि मी तोच चहा संपवला. छान होता.

२१ फेब्रुवारी
आईला धाप लागते. तोंडावर ओला टॉवेल घेतला की बरं वाटतं. टँकरचं पाणी दिलं, तर ओकली. सरांना सांगितलं. ते लिहून घेत होते.

२४ फेब्रुवारी
निळ्या पिंपातलं पाणी तपासलं. लिटरला तेहतीस ग्रॅम मीठ. समुद्राइतकं.
सरांच्या वहीत पिल्लांच्या नोंदींखाली दोन ओळी आहेत. आई. मुलगी. पुढे रोजची तारीख आणि मीच दिलेली उत्तरं.
विचारलं, परत गोड्या पाण्यावर आणता येतं का? सरांनी मागचा हौद दाखवला. परत आणलेली सगळी पिल्लं उलटी तरंगत होती.

२६ फेब्रुवारी
दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावली. आई तडफडली. घरी आणली.
तिच्या कानामागे चिरा — लाल — उघडतात, मिटतात —

२७ फेब्रुवारी
टॉवेल पुरत नाही. आई म्हणते, बाय, मला पाण्यात —

२८ फेब्रुवारी
दुपारी भरती होती. आईला खाडीत सोडलं. छातीभर पाण्यात नेलं, मग हात सोडला. तिची धाप थांबली. तिनं वळून पाहिलं नाही.
घरी येऊन टँकरचं पाणी प्यायले. ओकले. कानामागे खाजतंय —
सर, उत्तर सापडलं. माशाला कळतं. पण तेव्हा परत येता येत