मोहाच्या झाडाला लॅपटॉप टांगल्याबाबतचा खुलासा

प्रति,
मा. कक्ष अधिकारी साहेब,
दुर्गम दूरवैद्यक प्रकल्प, साहित्य कक्ष,
विभागीय कार्यालय.

अर्जदार: संघप्रिया वामनराव उंदिरवाडे, आरोग्य सेविका,
उपकेंद्र मरकागुडा, ता. भामरागड, जि. गडचिरोली.

विषय: शासकीय लॅपटॉप झाडास टांगल्याबाबत खुलासा सादर करणे, व सदर लॅपटॉप ३० जुलैपर्यंत जमा न करणेबाबत.

संदर्भ: १) आपले वाटप पत्र, दि. ९ डिसेंबर २०२४.
२) माझे अर्ज, एकूण सात. (उत्तरे: दोन.)
३) आपले मार्गदर्शनपर पत्र, दि. १८ मार्च २०२५.
४) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. २३ जून २०२५.

महोदय,

संदर्भ क्र. ४ ची नोटीस मला परवा मिळाली. "शासकीय लॅपटॉप झाडास टांगून शासकीय मालमत्तेची विटंबना का केली, याचा तीन दिवसांत खुलासा करावा व लॅपटॉप तात्काळ जमा करावा," असे तिच्यात लिहिले आहे. विटंबना हा शब्द वाचून माझे डोकेच फिरले. तरी खुलासा करते. लॅपटॉप जमा करणार नाही. का, ते खाली क्रमाने लिहिते. कृपा करून हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा, कारण आधीचे सात कोणी शेवटपर्यंत वाचलेले दिसत नाहीत.

१. हा लॅपटॉप आम्हाला का मिळाला, हे आपल्या फाईलमध्ये नसेल तर सांगते. मरकागुडा नदीच्या पलीकडे आहे. मागच्या जुलैत नदी आठ दिवस बंद होती. गावातली रंजीता पोचू पुंगाटी, वय २३, तिचे दिवस भरले होते आणि बीपी वाढले होते. तिला खाटेवर टाकून आम्ही काठावर नेले. पलीकडे रुग्णवाहिका उभी होती, तिचा दिवा इकडून दिसत होता. पाणी इतके होते की लाकडी डोंगा पाण्यात टाकता येईना. सकाळपासून आम्ही पावसात उभे होतो. पोटातल्या बाळाचे ठोके मी दर अर्ध्या तासाने ऐकत होते. चारच्या सुमारास ते ऐकू येईनासे झाले. त्या घटनेचा अहवाल वर गेला आणि त्यावरून "नदीपलीकडील उपकेंद्रांना डॉक्टर पडद्यावर उपलब्ध करून द्यावेत" असा निर्णय झाला. म्हणजे हा लॅपटॉप रंजीताच्या गेलेल्या लेकरामुळे आला आहे. आपण त्याला साहित्य म्हणता, म्हणून आठवण करून दिली.

२. वाटपाच्या कार्यक्रमात हा लॅपटॉप किती दणकट आहे ते दाखवले गेले. एका साहेबांनी तो टेबलावरून खाली टाकला. दुसऱ्यांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतले. टाळ्या झाल्या. वजन साडेतीन किलो. त्याच्या आत मोबाईलच्या टॉवरवरून नेट घेणारे डेटा कार्ड आहे, सिम आधीच बसवलेले आहे आणि वर सील मारलेले आहे, असे सांगितले. सील तोडल्यास हमी रद्द आणि वसुली कर्मचाऱ्याकडून, असेही सांगितले. एवढे सगळे झाले, पण तो चालू करून एखाद्या डॉक्टरला लावून पाहावा, हे त्या मांडवात कोणालाच सुचले नाही. मलाही सुचले नाही. मी टाळ्याच वाजवत होते.

३. पहिल्या दिवसापासून पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत एकच वाक्य येते. त्याचा अर्थ: सिम घाला. हे वाक्य मी जशास तसे पहिल्या अर्जात लिहिले. उत्तर आले की, "सिम कार्यालयात बसवून सील केलेले असल्याने असा संदेश येऊच शकत नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे." साहेब, मशीन म्हणते सिम नाही, आपण म्हणता आहे, आणि खोटी ठरले मी. रेंजसाठी नदीपलीकडे जाऊन मदत क्रमांकावर विचारले तर बंद करून चालू करा म्हणाले. केले. पुन्हा विचारले तर नवीन ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्या म्हणाले. इंटरनेट चालत नाही म्हणून मी फोन केला होता, हे मी त्यांना तीनदा सांगितले. तिसऱ्या वेळी त्यांनी, "मॅडम, मग इंटरनेट आल्यावर उतरवा," असा सल्ला दिला.

४. फेब्रुवारीत आपले तंत्रज्ञ आले. फेब्रुवारीत आमच्या नदीला गुडघाभर पाणी असते, शाळेची लेकरे दप्तर डोक्यावर घेऊन रोज जातात. तंत्रज्ञ साहेब बूट काढायला तयार झाले नाहीत. मलाच लॅपटॉप डोक्यावर घेऊन त्यांच्या काठावर यायला लावले. तिथे त्यांच्या मोबाईलला रेंज होती. त्यांनी आपल्या मोबाईलचे नेट लॅपटॉपला जोडले, पडद्यावर क्रिकेटचा स्कोअर उघडला आणि फॉर्मवर लिहिले: "नेट सुरू. तक्रार निकाली." मी म्हटले, हे तर तुमच्या मोबाईलचे आहे. ते म्हणाले, नेट म्हणजे नेट. मी सहीखाली "तंत्रज्ञांच्या मोबाईलवर" असे कंसात लिहिले होते. माझे वडील वामनराव यांनी मला एकच गोष्ट शिकवली, सही करताना खरे काय ते सोबत लिहायचे. त्या फॉर्मची प्रत जोडली आहे. कंस पाहावा.

५. आता झाडाबाबत. आमच्या गावात मोबाईलला रेंज नाही. टेकडीवर मोहाचे एक झाड आहे, त्यावर थोडी मिळते. गावाची पद्धत अशी आहे की फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून दोरीने फांदीला टांगायचा आणि आपल्या कामाला जायचे. सायंकाळी उतरवला की दिवसभराचे निरोप आलेले असतात. कोणती फांदी कोणत्या घराची, हे ठरलेले आहे, त्यावरून भांडणे होत नाहीत. आपल्या संदर्भ क्र. ३ च्या पत्रात "उपकरण उंच ठिकाणी ठेवून पाहावे" असे लिहिले होते. गावात उंच ठिकाण म्हणजे तेच झाड. डोंगा चालवणारे डोमाभाऊ यांनी डोंग्याच्या दोराने, धानाच्या चुंगडीत, म्हणजे पोत्यात घालून, आपला लॅपटॉप टांगला. रंजीताची सासू धुरपताबाई यांनी स्वतःच्या घराची फांदी दिली. ही विटंबना नाही, साहेब. गावाने त्याला मान दिला.

आमची एक चूक झाली ती कबूल करते. फोनसारखाच आम्ही तो मिटून, बंद करून टांगला आणि चार दिवस निरोप यायची वाट पाहिली. मिटलेला लॅपटॉप झोपतो हे आम्हाला माहीत नव्हते. धुरपताबाई रोज येऊन विचारायच्या, "बाई, डब्बा काही बोलला का?" पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "हा बोलतच नाई, त काऊन टांगून राह्यले? मिरच्या तरी वाळू घाला त्याच्यावर." मग आम्ही तो उघडून टांगला. तेव्हाही पडद्यावर तेच: सिम घाला. कोणी तरी त्याच दिवशी फोटो काढून आपल्याकडे पाठवला असावा. सात अर्ज जिथे पोहोचले नाहीत तिथे एक फोटो बरा पोहोचला.

६. मे महिन्यात आपले आणखी एक पत्र आले. त्यात "आपल्या उपकेंद्राच्या सिमचा डेटा वापर पाच महिन्यांपासून निरंक आहे, ही कामातील हयगय समजण्यात येईल" अशी ताकीद होती. ती वाचून मी उपकेंद्राच्या पायरीवर बसून रडले. रागाने रडले, हे नमूद करते.

७. दरम्यान रंजीताला पुन्हा दिवस गेले. तारीख ३० जुलै आहे, म्हणजे बरोबर नदी बंद असते तेव्हाची. जूनच्या सुरुवातीलाच तिचे बीपी १४० वर गेले, पायांवर सूज आली. तिला आताच हलवून नदीपलीकडे दवाखान्याजवळच्या माहेरघरात, गरोदर बायांच्या मुक्कामाच्या खोलीत ठेवावे म्हणून मी तिच्या घरी चार वेळा गेले. ती म्हणते, "बाई, नदीवर मी नाई येत. मागच्या टायमाले दिवसभर नदीच पाहत राह्यलो." नवरा पोचू समजावून थकला. मी तिला जोर करू शकले नाही. त्या काठावर मीही होते.

८. १५ जूनला तिचे बीपी १५० झाले. त्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप टेबलावर पालथा ठेवून त्या सीलकडे पाहत बसले होते. डोमाभाऊ बाजूला होते. ते म्हणाले, "मॅडम, खोलून पाहू ना. आत का साप हाये?" मी सील तोडले. डोमाभाऊंनी नाही, मी तोडले. दोन स्क्रू काढले, बॅटरी काढली, खालची पट्टी सरकवली. सिमची खाच रिकामी होती. अगदी कोरी, धूळसुद्धा नव्हती. तिच्यात सिम कधी बसवलेच नव्हते.

साहेब, सहा महिने मशीन बिचारे खरे बोलत होते. सिम घाला, सिम घाला. आपण त्याच्या तोंडावर सील मारून ठेवले आणि मला विचारत होता, वापर निरंक का? ते सिम कुठे असेल ते आपण आपल्या कपाटात पाहावे. त्याचा वापर तिथे निरंकच राहणार. माझ्या तोंडून त्या वेळी काही शब्द निघाले ते अर्जात लिहिण्यासारखे नाहीत. डोमाभाऊ मात्र खूप हसले. मागच्या वर्षी रंजीताच्या खाटेचा एक पाय त्यांनीच धरला होता.

९. मी माझ्या फोनमधले सिम काढून त्यात घातले. ते लहान आणि खाच मोठी. नव्या सिमसोबत जी प्लास्टिकची चौकट येते ती डोमाभाऊंनी घरून शोधून आणली, तिच्यात ते बसले. कंपनीच्या नेटचे नाव हाताने भरावे लागते, ते मी आपल्या पुस्तिकेच्या पान ३१ वरून भरले. आपण हे पान उघडले असते तर बरे झाले असते. १७ जूनला सकाळी अकरा वाजता लॅपटॉप झाडाखाली नेला, उघडा ठेवला, आणि नेट आले. फोनला त्या झाडावर निरोपापुरतीच रेंज मिळते, पण लॅपटॉपच्या कार्डाची ताकद जास्त आहे, हे आपलेच म्हणणे होते आणि ते खरे निघाले. डॉक्टरांचे पडद्यावरचे दालन फक्त याच लॅपटॉपवर उघडते, हाही आपलाच नियम.

१९ जूनला रंजीताला झाडाखाली आणले. पडद्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी पाय पाहिले, बीपी पाहिले, गोळी बदलली. मग त्यांनी रंजीताला मागच्या बाळाचे विचारले. आजवर तिला ते कोणी विचारले नव्हते, कागदावर लिहूनच घेतले होते. ती बराच वेळ बोलली, अर्धे माडियात, अर्धे आमच्या बोलीत. मॅडमनी सगळे ऐकून घेतले. शेवटी रंजीता म्हणाली, "ह्या डॉक्टरबाईनं ये म्हटलं, त मी येतो नदीवर." तेव्हापासून एक दिवसाआड ती स्वतः झाडाखाली येऊन बसते. बीपी १३० वर आले आहे. नदी पार करण्याचा दिवस मॅडम पडद्यावर सांगणार आहेत. दुसऱ्या कोणाचे ती ऐकणार नाही, माझेसुद्धा नाही.

१०. सबब, माझे म्हणणे असे. सील मी तोडले. हमी रद्द झाली असेल तर झाली. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी, सेवापुस्तकात लाल शाईने लिहावे. परंतु लॅपटॉप ३० जुलैपर्यंत या गावातून हलणार नाही. तो न्यायला माणूस पाठवला तर मी त्याला चहा देईन, लॅपटॉप देणार नाही. त्यानंतर मी स्वतः डोक्यावर घेऊन येईन, जसा तंत्रज्ञ साहेबांसाठी आणला होता.

आज सकाळपासून नदी वाढते आहे. डोमाभाऊंनी डोंगा वर ओढून काठावरच्या झाडाला बांधला. त्यामुळे हा अर्ज टपालाने येणार नाही. तो आपल्याला ईमेलने, याच लॅपटॉपवरून, त्याच मोहाच्या झाडाखालून पाठवत आहे. म्हणजे तो चालतो की नाही याबद्दल आता आपल्याला तपासणी नेमण्याची गरज उरली नाही. तरीही लॅपटॉप जप्त करायचाच असेल, तर आपण स्वतः यावे. नदीच्या आपल्या बाजूच्या काठावर, जिथे रुग्णवाहिका उभी राहते, तिथे थोडा वेळ उभे राहून पलीकडे पाहावे. गेल्या वर्षी आम्ही समोरच होतो.

शेवटी "आपली आज्ञाधारक" लिहिण्याचा रिवाज आहे. आज ते खोटे ठरेल, आणि सही करताना खरे तेच लिहायचे असे मला घरी शिकवले आहे. म्हणून नुसतीच,

संघप्रिया वामनराव उंदिरवाडे
आरोग्य सेविका, उपकेंद्र मरकागुडा
दि. २८ जून २०२५

सोबत: १) सात अर्जांच्या पोचपावत्या.
२) तंत्रज्ञांचा फॉर्म, कंसासह.
३) तोडलेले सील, कागदाला चिकटवून, त्याचा फोटो. (मूळ सील माझ्याकडे सुरक्षित आहे.)
४) सिमच्या रिकाम्या खाचेचा फोटो.
५) रंजीता पोचू पुंगाटी हिच्या बीपीच्या नोंदी, १९ ते २७ जून. या तरी वाचाव्यात.