बघू, नवी की सेकंडहँड

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. गाडी घ्यायची. साधीसुधी नाही, लक्झरी स्पोर्ट्स सेडान. आता एवढंच बघायचं की कोरी नवी घ्यायची की कुणीतरी वापरलेली. रविवारपर्यंत निर्णय. या वेळी पुढे ढकलायचं नाही.

कारण भक्कम आहे. कंपनीचा नवा कारखाना सुरू होतोय, इथून चार तासांवर. त्याला मॅनेजर लागणार. गाद्यांच्या धंद्यात माझ्याइतकी वर्षं घालवलेला माणूस इथे दुसरा नाही, क्वालिटी खातं मीच सांभाळतो. म्हणजे विचारणार ते मलाच. आठवडाभर तिकडे, सुट्टीला इकडे. एवढ्या ये-जा करायला आमचं डबडं काय कामाचं? आणि मॅनेजर डबड्यातून उतरला तर वॉचमनसुद्धा खुर्चीवरून उठायचा नाही.

बायकोला सांगितलं. ही म्हणाली, आठवडाभर तिकडे? मी म्हटलं, हो, म्हणूनच तर पिकअप चांगला हवा. ही उठून पाणी प्यायला आत गेली. आनंद पचायला वेळ लागतो माणसाला.

दमलो. ठरवणं हे फार दमवणारं काम आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. थेट विचारलं, नव्या कारखान्याची जबाबदारी घ्याल का?

आतून उडीच मारणार होतो. पण लगेच हो म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. खिडकीबाहेर पाहिलं. घसा साफ केला. मग म्हटलं, बघू.

साहेब म्हणाले, बघू? मी म्हटलं, हो, बघू.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बरं म्हणाले. चेहरा जरा पडलेला वाटला. म्हणजे लागलं बरोबर. आता दोन-चार दिवसांत पगार वाढवून पुन्हा विचारतील. तेव्हाही एकदम हो म्हणायचं नाही.

हिला सांगितलं, साहेबांना लटकत ठेवलंय. ही म्हणाली, म्हणजे अजून नक्की नाही ना? तोंड एकदम उजळलं हिचं. मी म्हटलं, नक्कीच समज. मग पुन्हा भाजी निवडायला लागली.

८ फेब्रुवारी, रविवार

निर्णय आज होणार होता, पण शोरूम न बघता निर्णय घेणं बेजबाबदारपणाचं झालं असतं. गेलो.

काचेचं दार आपोआप उघडलं. मी ढकलायला हात पुढे केलेला, त्यामुळे आत जरा वेगात पोचलो. शोरूममधल्या बाईंनी विचारलं, कुणासाठी बघताय? स्वतःसाठी, म्हटलं. त्या अच्छा म्हणाल्या. अच्छा जरा लांबलंच.

निळी गाडी. काय सांगू! दार लावल्याचा आवाजसुद्धा श्रीमंत. आत बसलो. सवयीनं सीट अंगठ्यानं दाबून पाहिली. फोम उत्तम, कडेला थोडा कडक. तसं बाईंना सांगितलं. त्या थँक्यू म्हणाल्या आणि इंजिनाबद्दल बरंच बोलल्या. मी योग्य तिथे भुवया उंचावल्या.

उतरताना थोडा वेळ लागला. सीट जवळजवळ जमिनीलाच टेकलेली, आणि माझी कंबर गेल्या थंडीपासून माझं ऐकत नाही. बाईंनी एक हात धरला, सेल्समननं दुसरा. मी म्हटलं, बघा, गाडीच मला सोडायला तयार नाही. कुणी हसलं नाही. शोरूममध्ये काम करून माणसं रुक्ष होत असावीत.

किंमत ऐकली. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. कॉफी मात्र पुन्हा मागवली. बुक करायची का, असं विचारल्यावर म्हटलं, बघू. त्या ओके सर म्हणाल्या आणि तडक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेल्या. धंद्याची नजरच नाही.

निर्णय पुढच्या रविवारी. शेवटचा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नव्या गादीचा नमुना आला. नियमाप्रमाणे त्यावर आडवं पडून पाठीला काय वाटतं ते लिहायचं. पडलो. पाठीला इतकं बरं वाटलं की जेवणाची सुट्टी होऊन गेली. टायवाल्यानं उठवलं.

टायवाला म्हणजे माझा ज्युनियर. भुसा उडतो, कापूस उडतो, पण हा पठ्ठ्या रोज टाय लावून येतो. सर, नव्या कारखान्याचं काय म्हणे? मी म्हटलं, साहेब मागे लागलेत, मी ताणून धरलंय. तो म्हणाला, मला विचारलं असतं तर मी त्यांचं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं असतं. बिचारा. कुणीतरी शिकवायला हवं याला.

संकल्प: उद्यापासून कमरेचे व्यायाम. स्पोर्ट्स सेडानचा मालक स्पोर्टी दिसला पाहिजे.

११ फेब्रुवारी, बुधवार

व्यायाम केला नाही. कंबर दुखत होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

साडूंचा फोन. त्यांची स्वतःची गाडी ट्रकएवढी, चढायला शिडी लागेल अशी. म्हणाले, सेकंडहँड बघा, ओरखड्यांची धाकधूक आधीच्या मालकानं भोगलेली असते. साडूंचा सल्ला घ्यायचा नाही हे माझं लग्नापासूनचं धोरण. पण हा सल्ला मला त्यांच्या आधीच सुचला होता, फक्त बोलून दाखवला नव्हता.

पुढे म्हणाले, तुमच्याच्यानं काही व्हायचं नाही, नुसतं बघत बसाल. हसले वर. असा संताप आला म्हणून सांगू! हिच्या माहेरी मला अजून कुणी गंभीरपणे घेत नाही. मॅनेजर होऊ दे, निळ्या गाडीतून त्यांच्या दारात उतरतो की नाही बघा. (उतरण्याचा सराव करायला हवा.)

१४ फेब्रुवारी, शनिवार

सेकंडहँड गाड्यांच्या यार्डात गेलो. हीसुद्धा आली. विकणारा कपाळावर गॉगल चढवून बसलेला. काळी सेडान दाखवली, तीच कंपनी, चार वर्षं जुनी. आधीचे मालक दातांचे डॉक्टर. आत अजून लवंगेच्या तेलाचा वास येतो. बसल्याबरोबर माझी दाढ ठणकायला लागली.

ही मागे बसली. म्हणाली, इथे पाय कुठे ठेवायचे? मग गॉगलला विचारलं, घरची जुनी गाडी आठवडाभर बंद राहिली तर बिघडते का, आणि घरात दुसऱ्या कुणाला चालवता येत नसेल तर अडीनडीला काय करायचं. गॉगल म्हणाला, टॅक्सी बोलवायची. ही काचेतून बाहेर बघत बसली. हिला गाड्यांत रस यायला लागलाय, चांगलं लक्षण आहे.

टेस्ट ड्राइव्ह घेतली. स्पोर्ट मोड लावला. इंजिन गुरगुरलं, पण मी ताबा सोडला नाही. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. गॉगलनं विचारलं, तुम्ही रोज चालवता ना? मी म्हटलं, ताकद हातात असताना ती न वापरणं हीच खरी ताकद. तेवढ्यात स्पीडब्रेकर आला. खालून असा आवाज झाला की गॉगलचा गॉगल कपाळावरून डोळ्यांवर आला. नंतर त्यानं तो वर केलाच नाही.

किंमत नवीच्या निम्मी. घेताय का काका? मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, बघू म्हणजे नाहीच ना? तसं असेल तर मी दुसऱ्यांना दाखवतो. मी म्हटलं, बघू म्हणजे बघू. माणसांना हल्ली भाषाच कळत नाही. आणि काका कशाला?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नवी घेतली तर पहिला ओरखडा मीच पाडणार. वापरलेली घेतली तर दाढ दुखणार. नवीचा निळा रंग सुंदर, पण निळ्यावर धूळ दिसते. काळ्यावर तर जास्तच दिसते. ज्यावर धूळ दिसत नाही त्या रंगाची गाडी कुणी घेत नाही. विचार करकरून डोकं भणाणलंय. आमच्या डबड्याचा रंग कोणता आहे हे मला आज बाहेर जाऊन बघावं लागलं.

संध्याकाळी ही कमरेला शेक देत होती. म्हणाली, तिकडे गेल्यावर शेक कोण देईल? मी म्हटलं, हीटेड सीट आहे ना! दोन्हीत आहे. ही पिशवी ठेवून आत निघून गेली. हीटेड सीट म्हणजे काय ते कळलेलं दिसत नाही. निवांतपणी समजावून सांगावं लागेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी अजून पुन्हा विचारलेलं नाही. लिफ्टमध्ये भेटले, उकाड्याबद्दल बोलले. डाव खेळतायत. मीही उकाड्याबद्दलच बोललो. कोण आधी वाकतं ते दिसेलच.

टायवाल्यानं नवा टाय घेतलाय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यांना शिलाई विभागात जमवलं. मशीन बंद केल्या. साहेब म्हणाले, नव्या कारखान्याचे मॅनेजर म्हणून आपण टायवाल्याची नेमणूक करतोय. (नाव घेतलं त्याचं. मला क्षणभर कळेचना कोण ते.) पुढे म्हणाले, खरं तर आधी आपल्या क्वालिटीच्या साहेबांना विचारलं होतं, पण त्यांनी मोठ्या मनानं नकार दिला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. काय करणार?

घरी येऊन उताणा पडलो. हिनं विचारलं, काय झालं? म्हटलं, कंबर.

२५ फेब्रुवारी, बुधवार

धीर करून केबिनमध्ये गेलो. म्हटलं, साहेब, मी नाही म्हणालो नव्हतो, मी बघू म्हणालो होतो.

साहेब हसले. म्हणाले, कळलं हो मला. आमचे वडीलही तसेच. कुणाला तोंडावर नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. लग्नाचं आमंत्रण असो की कुणाला जागा भाड्यानं द्यायची असो, बघू म्हणायचे आणि समोरचा समजून जायचा. तुम्ही पण किती सांभाळून सांगितलंत, दोनदा! मला अजिबात वाईट वाटलं नाही.

मी म्हटलं, नाही, म्हणजे तसं नाही. ते म्हणाले, संकोच करू नका, आणि माझ्यासाठी चहा मागवला. प्यायलो.

आपल्या लोकांत बघूला नाही समजतात, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. साडूंना आपण तोलामोलाचे वाटावं म्हणून जन्मभर धडपडलो आणि एका शब्दापायी घोडं अडलं. रडू येत होतं. रडलो नाही. चाचणीच्या खोलीत जाऊन नमुन्यावर पडलो. झोपही आली नाही, गादी नापास केली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

गॉगलचा फोन. काळी सेडान विकली गेली. म्हणाला, काका, तुमचं बघू चाललं होतं, समोरचा घेतो म्हणाला. एका परीनं बरं झालं. एक पर्याय कमी झाला, निर्णय सोपा झाला. आता फक्त नवी घ्यायची की नाही एवढंच उरलं.

हिला नोकरीचं अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगणार.

२८ फेब्रुवारी, शनिवार

काल सांगणार होतो, पण ही माझ्या शर्टांची बटणं तपासत बसली होती. एकेक ओढून बघत होती, सैल असेल तर पक्कं करत होती. म्हणाली, तिकडे कोण लावून देणार? अशा वेळी काय बोलायचं? उद्या.

१ मार्च, रविवार

दुपारी टायवाला जोडीनं घरी आला. मी हॉलमध्ये जमिनीवर, व्यायामाला म्हणून झोपलो होतो ते उठता येत नव्हतं. तसाच बोललो. तो म्हणाला, सर, आभार मानायला आलोय. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मला संधी मिळाली. एवढी मोठी जागा कुणी सोडतं का? त्याची बायको म्हणाली, यांच्या ऑफिसात सगळे तुमचंच बोलतायत.

ही दारात पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. सगळं ऐकलं.

ते गेल्यावर माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण ही रडायलाच लागली. म्हणाली, मला इतके दिवस धड जेवण जात नव्हतं. या वयात एकटीनं राहायचं या विचारानं धसका घेतला होता. पण तुम्ही एवढे खुशीत होतात, मोडता कसा घालू? आणि तुम्ही सरळ नाही सांगून मोकळे झालात, मला कळूही दिलं नाहीत!

तिथूनच बहिणीला फोन लावला. यांनी मॅनेजरची जागा नाकारली, माझ्यासाठी, असं चार-पाच वेळा सांगितलं. मग साडू फोनवर आले. मानलं तुम्हाला, म्हणाले. हसले नाहीत.

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. आणि इतकं बरंही.

खरं सांगून टाकावं म्हणून हिचा हात धरला आणि तोंड उघडलं. ही म्हणाली, काही बोलू नका. एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्ही स्वतःहून ठरवलेली ही पहिलीच गोष्ट आहे.

तोंड मिटलं. हिनं धरून उठवलं. मग आम्ही चहा घेतला. साखर घालायची राहून गेली होती, पण मी काही म्हटलं नाही.